असईची लढाई टेबलावर मांडताना: वसाहतकालीन युद्धखेळासाठी नियमावली कशी निवडावी

वसाहतकालीन लढाया चिमुकल्या सैनिकांनी टेबलावर खेळू पाहणारा नवखा माणूस सहसा आधी नियमावली विकत घेतो, मग सैनिक जमवतो आणि शेवटी कोणती लढाई खेळायची याचा विचार करतो. हा क्रम नेमका उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी लढाई निवडावी, ती कशामुळे जिंकली किंवा हरली गेली हे समजून घ्यावे, आणि मग ज्या नियमांत त्याच गोष्टींना वजन आहे ते नियम घ्यावेत. ‘वसाहतकालीन’ या शिक्क्याखाली मिळणाऱ्या बहुतेक नियमावल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील युद्धे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. एकीकडे मागून काडतूस भरण्याच्या रायफली घेतलेले मूठभर शिपाई आणि दुसरीकडे भाले-ढाली घेऊन धावत येणारे हजारो योद्धे, हे १८७९ चे झुलू युद्ध आणि १८८४-८५ ची सुदान मोहीम यांचे चित्र. ते तसेच्या तसे १८०३ च्या दख्खनवर आणून ठेवले, तर खेळ रंगेलही, पण ती शिंद्यांची फौज राहणार नाही.

या लेखात उदाहरणासाठी मी असईची लढाई घेतली आहे. ती जालना जिल्ह्यात घडली, तिच्याविषयी वाचायला भरपूर मिळते, आणि नियमावलीची परीक्षा घेण्यासाठी इतकी अवघड लढाई क्वचितच सापडते.

पहिली पायरी: लढाईचा कागद तयार करा

एका कागदावर लढाईची कलाटणी ठरवणाऱ्या गोष्टी लिहून काढाव्यात. सैन्याची यादी नंतर करता येईल. आधी लिहायचे ते एवढेच की, कोणत्या क्षणी काय घडले म्हणून निकाल तसा लागला.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली याने कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेची वाट न पाहता शिंदे-भोसल्यांच्या संयुक्त सैन्यावर चाल केली. मराठी सैन्य खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, खेळणेकडे तोंड करून उभे होते. वाटाड्यांच्या मते पुढे नदीला उतार नव्हता. दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे वेलस्लीने पाहिली आणि ज्या गावांचा एकमेकांशी रोजचा व्यवहार आहे त्यांच्यामध्ये उतार असणारच, असा तर्क करून तो पूर्वेकडून नदी पार झाला. त्याला शत्रूच्या बगलेवर कोसळायचे होते. परंतु शिंद्यांच्या कवायती पलटणींनी, ज्यांचा मुख्य सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन होता, संपूर्ण आघाडी काटकोनात फिरवून पूर्वेकडे तोंड केले आणि डावी बगल असई गावाला टेकवली. बगलेवरचा हल्ला तिथेच संपला आणि तोफखान्यासमोर छातीचा कोट करून चालून जाणे तेवढे उरले.

पुढचे प्रसंगही लिहून ठेवावेत. इंग्रजांच्या उजवीकडच्या तुकडीचा अधिकारी ऑरक हुकुमाच्या बाहेर असई गावाकडे सरकत गेला, त्याच्यामागे ७४ वी पलटण ओढली गेली आणि गावातल्या तोफा-बंदुकांपुढे तिची अक्षरशः चाळण झाली. मॅक्सवेलच्या घोडदळाने वेळेवर हल्ला चढवला म्हणून तिचे अवशेष वाचले. डावीकडे ७८ व्या पलटणीने तोफा काबीज केल्या, पण मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज ती पुढे गेल्यावर उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा सुरू केला. त्या तोफा परत घेण्यासाठी वेलस्लीला स्वतः मागे वळावे लागले. या सगळ्या वेळात शिंदे-भोसल्यांचे हजारो स्वार जवळजवळ स्वस्थ उभे होते. दिवस मावळेपर्यंत कंपनीच्या फौजेचे सुमारे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले होते आणि ९८ तोफा तिच्या हाती पडल्या होत्या.

यातून कागदावर पाच ओळी उतरतात: नदीचा उतार, शिस्तबद्ध पायदळाने आघाडी फिरवणे, हुकूम चुकीचा समजणारा अधिकारी, तोफखान्याचे प्राबल्य आणि त्याचा चिवटपणा, आणि संख्येने प्रचंड, पण लढायला न उतरणारे घोडदळ. कोणतीही नियमावली हातात आली की या पाच ओळी समोर ठेवून तिला प्रश्न विचारावेत.

दुसरी पायरी: लढाईची जात ओळखा

ढोबळमानाने या काळातल्या लढाया तीन जातींच्या आहेत.

पहिल्या जातीत दोन्ही बाजूंना कवायती पायदळ आणि तोफा असतात. असई, अडगाव, लासवारी या १८०३ च्या लढाया आणि १८४५ ते १८४९ मधली शीख युद्धे या जातीची. यांना ‘वसाहतकालीन’ नियमांपेक्षा नेपोलियनच्या काळातले किंवा सर्वसाधारण बंदूक-संगीन युगाचे नियम अधिक शोभतात, कारण शस्त्रे, रचना आणि डावपेच जवळजवळ तेच आहेत.

दुसरी जात म्हणजे वर सांगितलेली रायफल विरुद्ध भाला. इसांडलवाना, अबू क्ली, ओमदुरमान. इथे प्रश्न एकच असतो: फैरी थांबण्याच्या आत शत्रू अंगाशी भिडतो की नाही. अबू क्लीला १७ जानेवारी १८८५ रोजी ऐन वेळी गार्डनर तोफ (हाताने फिरवायची यंत्रतोफ) अडकली आणि इंग्रज पायदळाची चौकोनी रचना फुटली. हा अपघात ज्या नियमांत घडूच शकत नाही ते नियम सुदानसाठी निरुपयोगी आहेत.

तिसरी जात लहान चकमकींची आहे: सरहद्दीवरच्या खिंडी, वेढलेली चौकी, गावातली घराघरांतली लढाई. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई खेळाच्या दृष्टीने या जातीत मोडते. कंपनीकडे आठशेच्या आसपास माणसे आणि दोन तोफा होत्या, लढाई गावातल्या भिंतींच्या आडून दिवसभर चालली, आणि पाण्याची टंचाई हा त्यातला एक मोठा घटक होता. या लढाईची आठवण महाराष्ट्रात आजही जिवंत आणि अनेकांच्या अस्मितेशी जोडलेली आहे. ती चारचौघांत मांडायची असेल, तर खेळाडूंची निवड आणि बोलण्याची भाषा यांचे भान ठेवूनच मांडावी.

काही लढाया दोन जातींच्या सीमेवर असतात. २७ जुलै १८८० ची अफगाणिस्तानातली मैवंदची लढाई वरवर दुसऱ्या जातीची वाटते, पण अयुबखानाचा तोफखाना इंग्रजांच्या तोफखान्यापेक्षा मोठा होता आणि त्याने मुंबई इलाख्याच्या दोन पलटणींसह अख्खी ब्रिगेड मोडून काढली. ‘एतद्देशीय सैन्याकडे तोफा नसतात’ असे गृहीत धरणारे नियम इथे पहिल्या अर्ध्या तासातच उघडे पडतात.

तिसरी पायरी: तुम्ही कोण आहात आणि एक पुतळी म्हणजे किती माणसे

नियमावली चाळताना पहिल्याच पानांत हे शोधावे की, खेळाडू कोणाच्या जागी बसतो. कप्तानाच्या जागी बसणारा खेळाडू कोणत्या भिंतीआड किती शिपाई ठेवायचे ते ठरवतो. सेनापतीच्या जागी बसणाऱ्याला ते ठरवायचे कामच नसावे. त्याने कोणती ब्रिगेड कुठे आणि कधी पाठवायची एवढेच पाहावे. सेनापतीला प्रत्येक पलटणीच्या बंदुका मोजायला लावणारे नियम दिसायला तपशीलवार असतात, पण संध्याकाळ संपली तरी लढाई संपत नाही.

मग गणित करावे. असईला कंपनीची प्रत्यक्ष लढलेली मुख्य फौज साडेचार हजारांच्या आसपास होती. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार बाजूला राखलेले होते. एका पुतळीला वीस माणसे धरली तर सव्वादोनशे पुतळ्या लागतात, आणि ते जमण्यासारखे आहे. शिंद्यांचे कवायती पायदळ दहा हजारांच्या वर होते. त्यासाठी पाचशेहून अधिक पुतळ्या झाल्या. घोडदळ तीस हजार धरले तर दीड हजार स्वार. इथे कोणाचेही कपाट आणि खिसा दोन्ही हात टेकतात. त्यामुळे एक तर पुतळी-माणूस हे प्रमाण सोडून ‘एक पलटण म्हणजे एक तुकडी’ असे मानणारे नियम घ्यावेत, किंवा १० अथवा ६ मिलिमीटरच्या पुतळ्या वापराव्यात, किंवा घोडदळ मोजक्या पाट्यांवर (पुतळ्या चिकटवण्याच्या तळपट्ट्यांवर) प्रतीकरूपाने दाखवावे. असईसाठी मी पहिला आणि तिसरा उपाय एकत्र करण्याच्या बाजूचा आहे, कारण ते स्वार लढले नाहीत, तर त्यांना रंगवण्यात वर्ष घालवण्यात अर्थ नाही.

अंतराचे गणितही याच वेळी उरकावे. दोन नद्यांमधली लढाईची आघाडी मैलभराच्या आसपास होती. सहा फूट लांबीच्या टेबलावर, म्हणजे ७२ इंचांत, १७६० यार्डांचा मैल बसवला तर एक इंच म्हणजे सुमारे २४ यार्ड. त्या काळच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परिणामकारक मारा शंभर यार्डांच्या आसपास असे. टेबलावर तो चार इंच भरतो. आता ‘ब्लॅक पावडर’ या नियमावलीत बंदुकीचा पल्ला छापला आहे १८ इंच. आपल्या प्रमाणात ते चारशे यार्डांहून अधिक झाले. याचा अर्थ ती नियमावली वाईट आहे असा नव्हे. ती बारा फुटी टेबल आणि मोठ्या पाट्या गृहीत धरून लिहिली आहे, आणि पल्ले कमी करून खेळण्याची मुभा तीच देते. परंतु आपल्या घरच्या टेबलावर सगळी अंतरे निम्मी किंवा एकतृतीयांश केल्याशिवाय ती खेळू नये, हे या दोन ओळींच्या हिशेबातून कळते.

चौथी पायरी: हुकूम कसा सुटतो ते पाहा

माझ्या मते नियमावलीचा जीव इथे असतो. गोळीबाराचे कोष्टक सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच. फरक पडतो तो कोणाची पाळी कधी येते आणि हुकूम पाळला जातो की नाही यात.

सर्वांत साधी पद्धत म्हणजे एका बाजूने सगळ्या तुकड्या हलवायच्या, मग दुसऱ्या बाजूने. ती शिकायला सोपी आहे, पण तिच्यात सेनापतीला सगळे दिसते आणि सगळे ऐकतात. ऑरकचा घोटाळा अशा खेळात कधीच घडणार नाही.

‘द स्वोर्ड अँड द फ्लेम’ ही लॅरी ब्रॉम यांची १९७९ मधली नियमावली पत्त्यांवर चालते. लाल पत्ता निघाला की एका बाजूची एक तुकडी हलते, काळा निघाला की दुसऱ्या बाजूची. शिवाय चालीचे अंतरही फाशांवर ठरते, त्यामुळे किती पुढे जाऊ याची खात्री नसते. हातघाईत पुतळीला पुतळी भिडवून प्रत्येक जोडीचे फासे टाकले जातात. वीस-वीस पुतळ्यांच्या तुकड्या, टेबलाभोवती सहा-सात माणसे आणि भरपूर आरडाओरडा, असा हा खेळ आहे. सुदान आणि झुलू युद्धांसाठी तो आजही उत्तम चालतो. असईसाठी मात्र नाही: पलटणीच्या पलटणी एका हुकुमावर आघाडी फिरवतात, हे एका पत्त्याला एक तुकडी या पद्धतीत दाखवता येत नाही.

‘द मेन हू वुड बी किंग्ज’ ही डॅनियल मर्सी यांची २०१६ मधली नियमावली नव्या खेळाडूला मी आधी सुचवीन, पण तिसऱ्या जातीच्या लढायांसाठी. नियमित पायदळाची तुकडी बारा पुतळ्यांची, टोळीवाल्यांची सोळा, आणि एका बाजूला चोवीस गुणांची छोटी फौज. प्रत्येक तुकडीला नायक असतो आणि त्याची नेतृत्वक्षमता फाशांनी ठरते, त्यामुळे एखादा शूर पण बिनडोक अधिकारी वाट्याला येतो आणि त्याच्याभोवती गोष्ट घडत जाते. काही कृती तुकडी आपोआप करते, बाकीच्यांसाठी नायकाची परीक्षा होते. दोन तासांत खेळ आटोपतो. एकट्याने खेळण्याचे नियमही तिच्यात आहेत, आणि ज्याला गावात जोडीदार मिळत नाही त्याला याची किंमत कळेल. व्हिक्टोरियाच्या काळासाठी लिहिलेली असल्याने १८१८ साठी वापरताना बंदुकांचे पल्ले आणि भरण्याचा वेग कमी करावा लागतो.

‘शार्प प्रॅक्टिस’ मुळात बंदूक-संगीन युगासाठीच आहे. त्यात नायकांच्या नावाच्या चकत्या पिशवीतून काढल्या जातात आणि ‘टिफिन’ नावाची चकती निघाली की फेरी संपते. कोणाची पाळी आली, कोणाची हुकली, याचा नेम नसतो. पाच-सहा डझन पुतळ्यांत भागते. कोरेगावसारख्या गावातल्या झुंजीसाठी किंवा असई गावाच्या तटाशी अडकलेल्या ७४ व्या पलटणीची कथा वेगळी काढून खेळण्यासाठी ती चांगली आहे.

आणि आता ‘ब्लॅक पावडर’. २००९ मध्ये निघालेली ही नियमावली १७०० ते १९०० एवढा काळ कवेत घेते. सेनापतीने हुकूम आधी मोठ्याने उच्चारायचा आणि मग दोन फासे टाकायचे, ही तिची खुबी. बेरीज त्या सेनापतीच्या क्षमतेच्या आकड्याएवढी किंवा कमी आली तर हुकूम पाळला जातो, आणि ती जितकी कमी तितक्या जास्त चाली मिळतात, जास्तीत जास्त तीन. हुकूम फसला की त्या सेनापतीची फेरी तिथेच संपते. दोन्ही फाशांवर सहा आले तर घोटाळा: तुकडी भलतीकडेच निघून जाऊ शकते. कागदावरची तिसरी ओळ, म्हणजे ऑरक, इथे आपोआप आला.

या पद्धतीचा खरा उपयोग आकडे ठरवताना होतो. दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी बेरीज आठ किंवा कमी येणाऱ्या २६ आहेत, सात किंवा कमी येणाऱ्या २१, आणि पाच किंवा कमी येणाऱ्या फक्त १०. पोलमनला आठ द्यावेत. त्याच्या पलटणी बहुतेक वेळा सांगितलेले करतील, आणि एकाच हुकुमात अख्ख्या ब्रिगेडला हलवण्याची सोय असल्याने आघाडी फिरवणेही शक्य होईल. शिंदे-भोसल्यांच्या घोडदळाच्या सरदाराला पाच द्यावेत. तीस हजार स्वार टेबलाच्या कडेला उभे राहतील, मराठी बाजूचा खेळाडू दर फेरीला हुकूम सोडत राहील, आणि चारांपैकी जवळजवळ तीन वेळा ते जागचे हलणार नाहीत. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही. तरीही एखाद्या फेरीत ते सुटतील ही धास्ती इंग्रज खेळाडूच्या मनात शेवटपर्यंत राहते, आणि वेलस्लीच्या मनातही ती असणारच.

‘सायन्स व्हर्सेस प्लक’ ही हॉवर्ड व्हाइटहाउस यांची सुदानसाठीची नियमावली या सगळ्यांपेक्षा निराळी आहे. तिच्यात सर्व खेळाडू इंग्रजांच्या बाजूचे, आणि समोरचे सैन्य पंच चालवतो. शत्रू कुठे आहे हे खेळाडूंना खरोखरच ठाऊक नसते. ही कल्पना फार चांगली आहे; पण ज्याच्या घरी खेळायला बसलेल्यांपैकी निम्म्यांना शिंद्यांच्या बाजूने लढायचे आहे, त्याच्या ती कामाची नाही.

पाचवी पायरी: फासे न टाकता हिशेब करा

विकत घेण्याआधी नियमावलीची ओळख करून देणारी पाने किंवा खेळाची चित्रफीत बहुधा पाहायला मिळते. त्यातून गोळीबाराचे आकडे उतरवून घ्यावेत. ‘ब्लॅक पावडर’मध्ये साधी पलटण तीन फाशांनी गोळीबार करते, चार किंवा वर आले की गोळी लागते, आणि समोरच्या पलटणीला प्रत्येक गोळीमागे पुन्हा चार किंवा वर टाकून ती निष्फळ करता येते. म्हणजे तीन फाशांपैकी दीड लागतात, त्यातल्या निम्म्या टळतात, आणि एका फैरीला सरासरी पाऊण गोळी लागू होते. साध्या पलटणीची सहनशक्ती तीन. तेव्हा ती डळमळीत व्हायला चार फैरी हव्यात. त्याच वेळी चांगला हुकूम पडला तर शत्रू एका फेरीत तीन चाली करून थेट अंगावर येतो आणि बचाव करणाऱ्याला शेवटची एकच फैर मिळते. निष्कर्ष असा की या नियमांत पायदळ नुसत्या बंदुकांनी लढाई जिंकत नाही. संगीन चालवावी लागते. १८०३ साठी ते मला योग्य वाटते. १८७९ च्या मार्टिनी-हेन्री रायफलीसाठी मात्र फासे वाढवावे लागतील, नाहीतर झुलू युद्धातली रोर्क्स ड्रिफ्टची चौकी पहिल्या तासात पडेल.

हाच हिशेब तोफेसाठी स्वतंत्र करावा, आणि असईसाठी तर तो आधी करावा. जवळून छर्र्यांचा मारा झाल्यावर चालून येणारी पलटण दोन फेऱ्यांत मोडकळीस येत नसेल, तर त्या नियमावलीत शिंद्यांचा तोफखाना शोभेचा आहे असे समजावे.

सहावी पायरी: समोरच्या सैन्याला काय म्हटले आहे ते वाचा

नियमावलीच्या शेवटी सैन्यांच्या याद्या असतात. त्या वाचल्या की लेखकाची दृष्टी कळते. अनेक जुन्या याद्यांत युरोपीय ते सगळे शिस्तबद्ध, बाकीचे सगळे ‘टोळ्या’, असा सरसकट हिशेब असतो. शिंद्यांच्या कवायती पलटणी त्यांच्या नोकरीतल्या डी बॉयन या युरोपीय सेनानीने उभ्या केल्या होत्या, पुढे त्याच्या जागी आलेल्या पेरॉनने वाढवल्या होत्या. त्यांना अनियमित जमावाच्या रकान्यात टाकणे हे इतिहासाच्या दृष्टीने चूक आहेच, शिवाय खेळही बिघडवते. वेलस्लीची ७४ वी पलटण जमावापुढे उद्ध्वस्त झाली नव्हती.

म्हणून यादीत नाव पाहू नये, आकडे पाहावेत. पोलमनच्या पलटणींना युरोपीय रेषेतल्या पायदळाचे आकडे द्यावेत. गोळीबारात त्या कंपनीच्या मद्रासी पलटणींच्या बरोबरीच्या धराव्यात, हातघाईत किंचित कमी. सरधन्याची राज्यकर्ती बेगम समरू हिच्या पलटणी या लढाईत शिंद्यांच्या बाजूने होत्या, त्या राखीव म्हणून मागे ठेवता येतात. गोलंदाजांना मनोधैर्याचा सर्वांत वरचा आकडा द्यावा. उणे बाजू दाखवायची असेल तर ती वरच्या हुकमतीत दाखवावी: कंपनीने लालूच दाखवल्यावर शिंद्यांच्या नोकरीतले बरेच इंग्रज अधिकारी युद्धाआधीच निघून गेले होते, आणि लढाईच्या वेळी दोन्ही राजे मैदानाबाहेर पडले. दोष शिपायांत नव्हता, तो त्यांच्या डोक्यावरच्या साखळीत होता, आणि चांगल्या नियमावलीत या दोन गोष्टींचे आकडे वेगवेगळे असतात.

सातवी पायरी: जिंकणे म्हणजे काय ते लिहा

गुणांच्या पद्धतीने दोन्ही बाजू समान करून घेतल्या की ऐतिहासिक लढाई उरत नाही. सैन्ये विषमच ठेवावीत आणि विजयाच्या अटी विषम कराव्यात. असईत वेलस्लीने शत्रूला मैदानातून हटवले तरी त्याची निम्मी पायदळ पलटण-संख्या मोडली, तर विजय मराठी बाजूचा मानावा. कारण एवढ्या नुकसानीनंतर ती मोहीम पुढे रेटणे त्याला अवघड गेले असते. कोरेगावात बचावकर्त्यांनी रात्र होईपर्यंत गाव टिकवले की पुरे. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत गोखल्यांच्या स्वारांची मुसंडी दलदलीत अडकली. तिथे दलदल कुठे आहे ते मराठी खेळाडूला आधी सांगू नये. पंचाने ती नकाशावर लिहून पाकिटात ठेवावी.

आठवी पायरी: कागदी पलटणींनी चाचणी खेळ

एकही पुतळी विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर पलटणींची नावे लिहावीत आणि लढाईचा एकच कोपरा खेळावा. असईसाठी तो कोपरा म्हणजे गावासमोरची बाजू: एकीकडे ऑरकची तुकडी, ७४ वी पलटण आणि मागे मॅक्सवेलचे घोडदळ, दुसरीकडे गावातले पायदळ, दोन-तीन तोफगाड्यांचे मोर्चे आणि थोडे स्वार. तीन फुटी चौरस पुरतो. हा खेळ उमेदवार असलेल्या प्रत्येक नियमावलीने खेळावा, बाजू बदलून पुन्हा खेळावा, आणि प्रत्येक वेळी पहिल्या पायरीतला पाच ओळींचा कागद समोर ठेवावा.

पाहायचे ते हे: ७४ वी पलटण संकटात सापडते का, घोडदळाने तिला वाचवणे शक्य पण अनिश्चित आहे का, आणि नियमपुस्तक किती वेळा उघडावे लागले. शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही. चौथ्या फेरीनंतरही प्रत्येक गोळीबाराला पान उलटावे लागत असेल, तर पूर्ण लढाईत सहा खेळाडू चहाला उठतील आणि परत येणार नाहीत.

नववी पायरी: घरचे नियम एका पानात

चाचणीनंतर ज्या ओळी नियमावलीत बसल्या नाहीत त्यांच्यापुरतेच घरचे नियम करावेत. असईसाठी मला दोनच लागतात असे वाटते. एक गोलंदाजांचा: पायदळाने तोफ ओलांडून पुढे गेल्यावर तिथे चकती ठेवावी, पुढच्या फेरीपासून तोफेच्या सहा इंचांत कंपनीची तुकडी नसेल तर फासा टाकावा, आणि पाच किंवा सहा आले की गोलंदाज उठून त्या फेरीत कोणत्याही दिशेला मारा करू शकतात. दुसरा नदीच्या उताराचा: खेळ सुरू होताना पंचाने खेळणेवरच्या तीन जागांपैकी एक गुप्तपणे निवडावी. दोन्ही काठांवर गावे असलेली जागा उताराची असण्याची शक्यता जास्त ठेवावी, पण खात्री देऊ नये. नाहीतर वेलस्ली होणारा प्रत्येक जण पुस्तक वाचून आलेला असतो आणि सरळ पिंपळगावाकडे निघतो.

यापलीकडे नियम वाढू लागले, तर समजावे की नियमावलीच चुकीची निवडली आहे. ती बदलावी; पानाला पाने जोडू नयेत.

सैनिक घेण्याबद्दल थोडेसे

२८ मिलिमीटरच्या धातूच्या पुतळ्या देखण्या असतात, पण त्या बहुधा परदेशातून मागवाव्या लागतात आणि टपाल व जकात धरून महाग पडतात. एकास बहात्तर प्रमाणातले प्लॅस्टिकचे संच स्वस्त पडतात. त्यांत मराठी फौज हमखास मिळेलच असे नाही, तेव्हा नेपोलियनच्या काळातले पायदळ घेऊन शिरोभूषण बदलणे, किंवा ओळखीत थ्रीडी प्रिंटर असेल तर छापून घेणे, हे दोन मार्ग उरतात. चाचणीच्या खेळात माळ्यावर ठेवलेली दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रेसुद्धा चालतात. एक मावळा म्हणजे एक पलटण.

पाट्या चिकटवण्याची घाई करू नये. प्रत्येक नियमावलीच्या पाटीचे माप वेगळे असते. एकीत पुतळ्या एकेकट्या उचलाव्या लागतात, दुसरीत चारचार एकत्र. ज्यांना दोन्ही प्रकारचे खेळ खेळायचे आहेत त्यांनी पुतळ्या एकेकट्या नाण्यावर किंवा वॉशरवर चिकटवाव्यात आणि त्या बसतील अशा खाचांच्या पाट्या पुठ्ठ्यातून किंवा पातळ एमडीएफमधून कापून घ्याव्यात. पाटीखाली चुंबकी कागद लावला की वॉशर हलत नाही. रंगवायला सुरुवात शिंद्यांच्या तोफांपासून करावी, कारण चाचणीच्या कोपऱ्यात त्याच आधी लागतात आणि पायदळ पुठ्ठ्याचे असले तरी खऱ्या तोफा समोर असल्या की खेळाडूंना अंतराचा अंदाज नीट येतो.